दुसरा चार्ल्स, त्याचे दरबारी आणि आंदणात आलेली मुंबई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून आपल्या कानांवरून गेलेले असते. मात्र तो राजा कोण होता, त्याला हे लग्न का करावे लागले, त्याच्या दरबारात कोणाचे कोणाशी वैर होते आणि त्या वैराचा आपल्या किनाऱ्यावरच्या सात बेटांशी काय संबंध होता, याची चर्चा मराठीत फारशी होत नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या राजाच्या लग्नामागे, लढायांमागे आणि कारभारी बदलण्यामागे रिकामी तिजोरी हे एकच कारण सतत आढळते, असे माझे मत आहे आणि पुढची उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हा इंग्लंडची स्थिती काय होती?

चार्ल्सचा जन्म २९ मे १६३० चा. त्याचे वडील पहिले चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले, त्यात राजपक्ष हरला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातील बँक्वेटिंग हाउससमोर पहिल्या चार्ल्सचा जाहीर शिरच्छेद करण्यात आला. थंडीने अंग कापले तर लोक त्याला भीती समजतील, म्हणून त्या दिवशी राजाने अंगात दोन सदरे घातले होते. थोरला मुलगा त्या वेळी अठरा वर्षांचा होता आणि परदेशात होता. त्याने १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत नशीब आजमावून पाहिले, पण पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेने त्याचा पुरता पराभव केला. त्यानंतर सुमारे सहा आठवडे तो वेष पालटून, केस कापून, कधी ओकच्या झाडावर तर कधी कॅथलिक कुटुंबांच्या घरांतील चोरखोल्यांत लपत फिरला आणि अखेर होडीने फ्रान्सला निसटला. पुढची नऊ वर्षे त्याने फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये उधारीवर काढली.

राजाविना इंग्लंडचा कारभार पाहणारा क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला, त्याच्या मुलाला कारभार झेपला नाही आणि जनरल मंक याने स्कॉटलंडमधून सैन्य आणून राजाला परत बोलावण्याची वाट मोकळी केली. २९ मे १६६० रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, चार्ल्सने लंडनमध्ये प्रवेश केला. त्याला हॉलंडहून आणणाऱ्या जहाजाचे मूळ नाव ‘नेझबी’ होते. हे नाव त्याच्या वडिलांच्या पराभवाचे होते, म्हणून ते बदलून ‘रॉयल चार्ल्स’ करण्यात आले. हे जहाज लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

राजाला पैशाची एवढी चणचण का होती?

पार्लमेंटने राजाला वर्षाला १२ लाख पौंड उत्पन्न ठरवून दिले होते, पण सुरुवातीच्या वर्षांत प्रत्यक्ष वसुली त्याच्या बरीच खाली राहिली. १६६२ मध्ये दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसवण्यात आला. वसुली करणारे घरात शिरून चुली मोजत असल्यामुळे लोकांना त्याची विलक्षण चीड होती. शिवाय वनवासातले कर्ज, यादवीत घरदार गमावलेल्या निष्ठावंतांच्या मागण्या, आरमाराचा खर्च आणि राजाचा स्वतःचा सढळ हात, असे सारे एकाच वेळी अंगावर आले. नवे कर बसवायचे तर पार्लमेंटकडे जावे लागे आणि पार्लमेंट पैशाच्या बदल्यात धर्माच्या, परराष्ट्र धोरणाच्या आणि कारभाऱ्यांच्या बाबतीत अटी घाले. त्या अटी टाळण्यासाठी दुसरीकडून पैसा उभा करायचा, हा चार्ल्सच्या पंचवीस वर्षांच्या राजकारणाचा मुख्य उद्योग होता. १६६२ मध्येच त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डंकर्क हे इंग्रजांच्या ताब्यातील बंदर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला ५० लाख लिव्ह्रना विकून टाकले.

पोर्तुगालशी सोयरीक कोणाच्या हिताची होती?

दोघांच्याही. पोर्तुगालने १६४० मध्ये स्पेनचे जोखड झुगारून ब्रागांझा घराण्याला गादीवर बसवले होते, पण स्पेनने ते स्वातंत्र्य अजून मान्य केलेले नव्हते आणि लढाई चालूच होती. तिकडे पूर्वेत डच लोक पोर्तुगिजांची ठाणी एकामागून एक गिळत होते. कोलंबो १६५६ मध्ये गेले होते आणि कोचीन १६६३ च्या आरंभी जाणार होते. पोर्तुगालला आरमारी ताकद असलेला मित्र हवा होता. चार्ल्सला रोख रक्कम हवी होती. स्पेनच्या वकिलाने लंडनमध्ये या विवाहाविरुद्ध आकाशपाताळ एक केले, तर चौदाव्या लुईने पडद्याआडून या विवाहाला उत्तेजन दिले, कारण स्पेनची डोकेदुखी वाढणे त्याला सोयीचे होते.

२३ जून १६६१ रोजी विवाहाचा तह झाला. राजकन्या कॅथरीनबरोबर २० लाख क्रुझादो, म्हणजे सुमारे तीन लाख पौंड, उत्तर आफ्रिकेतील टँजियर बंदर, मुंबई बेट आणि ब्राझील व पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखात व्यापाराच्या सवलती मिळायच्या होत्या. बदल्यात इंग्लंडने सुमारे तीन हजार सैनिक पोर्तुगालला पाठवायचे होते आणि गुप्त कलमानुसार पूर्वेतील पोर्तुगीज ठाण्यांचे डचांपासून रक्षण करायचे होते. यातले सैनिक खरोखर गेले, १६६३ मध्ये आमेशियालच्या व १६६५ मध्ये मोंतेस क्लारोसच्या लढाईत स्पेनविरुद्ध लढले आणि १६६८ मध्ये स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. लिस्बनच्या बाजूने पाहिले तर ही सोयरीक फायद्याची ठरली.

लंडनला खरा मोह टँजियरचा आणि रोख रकमेचा होता. मुंबई या यादीत पुरवणीसारखी होती. चार्ल्सचा मुख्य मंत्री क्लॅरेंडन याच्या लिखाणात तर मुंबई ब्राझीलपासून थोड्याच अंतरावर असल्याचे म्हटलेले आहे. ज्या बेटाचा सौदा करतो आहोत ते कोणत्या समुद्रात आहे, हेही तिथे नीट ठाऊक नव्हते.

हुंड्याची रक्कम राजाला मिळाली का?

राजकन्येला आणायला सँडविचचा अर्ल लिस्बनला गेला, तेव्हा ठरलेल्या रकमेचा अर्धा भाग तिथेच हाती पडायला हवा होता. राजमाता लुइझा हिने त्याच्यापुढे साखर, इतर माल, जडजवाहीर आणि पुढे वटवायच्या हुंड्या मांडल्या आणि लढाईने खजिना खाली झाल्याचे सांगून हात जोडले. सँडविचपुढे दोनच मार्ग होते. एक तर नवरीला न घेता परत जायचे किंवा साखर जहाजात भरून नवरीला न्यायचे. त्याने दुसरा मार्ग धरला. उरलेली बाकी पुढे वर्षानुवर्षे रखडली. ज्या पैशासाठी हे लग्न ठरले त्या पैशाच्या बाबतीत चार्ल्सच्या तोंडाला पाने पुसली गेली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कॅथरीनला दरबारात कशी वागणूक मिळाली?

२१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथ येथे विवाह झाला. कॅथरीन तेव्हा तेवीस वर्षांची होती, धर्मनिष्ठ वळणात वाढलेली होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. त्याच सुमारास राजाची प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स, म्हणजे लेडी कॅसलमेन, हिला राजापासून झालेले अपत्य पाळण्यात होते. बार्बराला राणीच्या शयनगृहाची मानकरीण नेमावे असा हट्ट राजाने धरला. राणीने यादीतील तिच्या नावावर काट मारली होती. तरीही एके दिवशी राजाने भर दरबारात एका स्त्रीला हाताला धरून राणीपुढे आणले. ती कोण हे न कळल्यामुळे राणीने तिचे हसून स्वागत केले आणि शेजारच्या कोणी कानात नाव सांगताच तिच्या नाकातून रक्ताची धार लागली व ती बेशुद्ध पडली. राजाला पत्नीच्या दुःखापेक्षा भर दरबारात झालेला आपला अपमान मोठा वाटला. तिच्याबरोबर आलेल्या बहुतेक पोर्तुगीज दासींना त्याने परत पाठवून दिले आणि तिची समजूत घालण्याचे काम क्लॅरेंडनवर सोपवले, ज्याला हा सारा प्रकार मनापासून नापसंत होता. परक्या देशात, भाषा येत नसताना, एकाकी पडलेल्या राणीने काही आठवड्यांनी माघार घेतली. चार्ल्सच्या उमदेपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा प्रसंग वगळू नये, असे मला वाटते.

चहाची आवड तिने माहेरून आणली आणि तिच्यामुळे इंग्रज दरबारात चहा प्रतिष्ठेचा झाला, हे खरे आहे. इंग्लंडला चहा तिनेच प्रथम दाखवला, हे मात्र खरे नाही, कारण लंडनच्या कॉफीगृहांत तो तिच्या येण्यापूर्वीच विकला जात होता.

तह १६६१ चा, मग मुंबईचा ताबा १६६५ मध्ये का मिळाला?

मार्लबरोच्या अर्लच्या हाताखाली जहाजे आणि सर अब्राहम शिपमनच्या हाताखाली सुमारे चारशे सैनिक १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईसमोर येऊन थांबले. गोव्याचा नवा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ कास्त्रु हा याच इंग्रजी ताफ्याबरोबर आला होता आणि प्रवासात आपला मान राखला गेला नाही, असा राग त्याच्या मनात होता. मुंबई म्हणजे नेमके काय, यावरच पहिला खटका उडाला. इंग्रज म्हणत होते की साष्टी आणि ठाणेही देणगीत आहेत, तर पोर्तुगीज म्हणत होते की फक्त मुंबईचे एक बेट. मग व्हाइसरॉयने शिपमनजवळची कागदपत्रे रीतसर नसल्याचे कारण काढले. मार्लबरो आपली जहाजे घेऊन परत गेला. समुएल पेपिस या आरमार कचेरीतील अधिकाऱ्याने १६६३ च्या मे महिन्यात आपल्या रोजनिशीत, मुंबईच्या बाबतीत पोर्तुगिजांनी आपल्याला गंडवले, अशा अर्थाची नोंद केली आहे.

मागे राहिलेल्या शिपमनच्या माणसांना उतरायला जागा उरली नाही. सुरतेच्या इंग्रज वखारीला मोगलांच्या रोषाची भीती होती, त्यामुळे तिथे सैन्य नेता येत नव्हते. अखेर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्यांनी तळ दिला. आज हे बेट आपल्या नौदलाच्या ताब्यात आहे. त्या काळी तिथे ना पुरेसा निवारा होता, ना औषधे, ना ताजे अन्न. पावसाळ्यात ताप आणि हगवण सुरू झाली आणि माणसे एकामागून एक मरू लागली. १६६४ च्या एप्रिलमध्ये स्वतः शिपमनही गेला. दोन वर्षांनी तिथून उठताना चारशेंपैकी शंभराच्या आसपास जिवंत होते. लंडनच्या दरबारी कागदांत या माणसांची नावे शोधावी लागतात, पण मुंबईवर इंग्रजी निशाण चढले त्याची पहिली किंमत त्यांनी मोजली होती. आंदण हा शब्द वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लग्नमंडपाऐवजी ते बेट येते.

शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने गोव्याला जाऊन पोर्तुगिजांना हव्या त्या अटींवर सही केली. त्या अटींनुसार इंग्रजांना केवळ मुंबईचे बेट मिळणार होते, तेही पोर्तुगिजांना जकातीच्या सवलती आणि रहिवाशांना कॅथलिक धर्माचे स्वातंत्र्य देऊन. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी दोना इग्नेस द मिरांडा या विधवा जमीनदारीणबाईंच्या वाड्यात ताबा देण्याचा विधी झाला. कुकने बेटावर पावले टाकली, तिथली माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांच्या भिंतींना हात लावला आणि बेट इंग्लंडच्या राजाचे झाले. तो वाडा जिथे होता तिथेच पुढे बॉम्बे कॅसल उभा राहिला आणि आज तिथे नौदलाचा आय.एन.एस. आंग्रे हा तळ आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांनी पुढे याच मुंबईकर इंग्रजांच्या नाकी नऊ आणले, त्यांचे नाव त्या जागेला मिळाले आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

व्हाइसरॉयने त्याच सुमारास पोर्तुगालच्या राजाला लिहिले की, ज्या दिवशी इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. चार्ल्सने मात्र कुकने मान्य केलेल्या अटी अपमानकारक ठरवून फेटाळल्या, आणि कुकनेही त्या न पाळता लवकरच माहीम घेतले होते.

मुंबई कंपनीला दहा पौंडांना विकली, हे खरे का?

विकली हा शब्द बरोबर नाही. मुंबईचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता आणि राजाच्या माणसांना ती नीट चालवता येत नव्हती. गव्हर्नर सर जर्व्हस ल्यूकस काही महिन्यांतच वारला. म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीने दरवर्षी ३० सप्टेंबरला सोन्याच्या रूपात दहा पौंड भाडे द्यावे, असे ठरले आणि त्याच सुमारास कंपनीने राजाला सहा टक्के व्याजाने ५०,००० पौंड कर्जाऊ दिले. दहा पौंडांचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो, कर्जाचा आकडा कोणी सांगत नाही. राजाला त्या वर्षी गरज होती ती कर्जाची.

सनदेतील एक तपशील वाचण्यासारखा आहे. कायद्याच्या भाषेत मुंबई ही केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग म्हणून देण्यात आली. परमुलखातील जमिनी देताना इंग्रज राजे हाच साचा वापरत, त्यामुळे माहीम-माझगावची भातखाचरे आणि नारळाच्या वाड्या कागदोपत्री लंडनजवळच्या एका राजवाड्याला जोडल्या गेल्या. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला कंपनीने प्रत्यक्ष ताबा घेतला.

डचांशी लढाया कशासाठी झाल्या?

व्यापारासाठी. मसाले, गुलामांचा व्यापार, उत्तर समुद्रातील मासेमारी आणि मालवाहतूक या सर्वांत डच पुढे होते. ते आरमाराच्या जोरावर हिरावून घेता येईल, असे राजाचा धाकटा भाऊ व आरमाराचा प्रमुख जेम्स, म्हणजे यॉर्कचा ड्यूक, आणि त्याच्याभोवतीच्या तरुण दरबाऱ्यांना वाटत होते. १६६४ मध्ये इंग्रजांनी अमेरिकेतील न्यू ॲमस्टरडॅम घेतले आणि जेम्सच्या पदवीवरून त्याचे नाव न्यूयॉर्क ठेवले. पुढच्या वर्षी उघड युद्ध सुरू झाले. ३ जून १६६५ रोजी लोस्टॉफ्टच्या लढाईत इंग्रज जिंकले. मात्र साखळीने जोडलेल्या एका तोफगोळ्याने जेम्सच्या शेजारी उभे असलेले तीन दरबारी एकदम उडवले आणि त्यांच्या रक्ताचे शिंतोडे त्याच्या अंगावर उडाले. मुंबईहून हात हलवत परतलेला मार्लबरोही याच लढाईत पडला.

त्यानंतर लंडनमध्ये प्लेग आला, १६६६ च्या सप्टेंबरात शहराचा मोठा भाग जळाला आणि तिजोरी कोरडी पडली. १६६७ मध्ये मोठी जहाजे बाहेर काढायला पैसा नाही, म्हणून ती मेडवे नदीत चॅटमजवळ नांगरून ठेवली होती. जूनमध्ये डच दर्यासारंग द रॉयटर याच्या ताफ्याने नदीत घुसून अडथळ्याची साखळी तोडली, जहाजांना आगी लावल्या आणि राजाला परत आणणारे ते ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेले. त्याच्या पिछाडीवरील कोरीव राजचिन्ह आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाहायला मिळते. इंग्रज खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत होत्या आणि त्या वटत नव्हत्या. त्यातले काही डचांकडे गेले होते, आणि पेपिसने नोंदवल्याप्रमाणे ते डच जहाजांवरून ओरडून सांगत होते की, आजवर चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोकड्यासाठी लढतो.

क्लॅरेंडन कोण होता आणि त्याचा पाडाव कसा झाला?

एडवर्ड हाइड, क्लॅरेंडनचा अर्ल, हा वनवासात चार्ल्सच्या पाठीशी उभा राहिलेला जुना, विद्वान आणि काहीसा कठोर मंत्री होता. त्याची मुलगी ॲन हिने जेम्सशी लग्न केले, त्यामुळे तो राजघराण्याचा व्याही झाला आणि पुढे त्याच्या दोन नाती, मेरी आणि ॲन, इंग्लंडच्या राण्या झाल्या. तो राजाला तोंडावर उपदेश करी आणि बार्बराच्या दालनाची पायरी चढत नसे. तिच्याकडे जमणाऱ्या तरुण मंडळींना तो डोळ्यांसमोर नको होता. बकिंगहॅमचा ड्यूक त्याची नक्कल करताना राजमुद्रेच्या थैलीऐवजी भाता आणि राजदंडाऐवजी निखारे ओढायचे फावडे पुढे धरून डौलात चाले आणि राजा हसे, अशी आठवण सांगितली जाते. ज्या दिवशी राजा अशा नकलेला हसू लागला, त्या दिवशीच म्हाताऱ्याचे दिवस भरले होते.

मेडवेच्या नामुष्कीनंतर लोकांचा राग त्याच्यावर निघाला, जरी डच युद्धाला त्याचा विरोध होता. त्याच्या नव्या वाड्याच्या फाटकावर जमावाने फाशीचा खांब रंगवला आणि खाली लिहिले की डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी ही तीन दृश्ये येथे पाहावीत. मूल न होणाऱ्या राणीला त्यानेच निवडले, असा तो आरोप होता. ऑगस्टच्या शेवटी राजाने त्याच्याकडून राजमुद्रा काढून घेतली. व्हाइटहॉलमधून तो बाहेर पडत असताना बार्बरा झोपायच्या कपड्यांतच धावत बाहेर आली आणि त्याच्याकडे पाहून आनंद व्यक्त करू लागली, असे पेपिसला सांगण्यात आले. नोव्हेंबरात क्लॅरेंडन फ्रान्सला पळाला आणि १६७४ मध्ये रुआँ येथे वारला. चार्ल्सने त्याला परत बोलावले नाही.

‘कबाल’ म्हणजे काय?

क्लॅरेंडननंतर क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, ॲशली आणि लॉडरडेल हे पाच जण पुढे आले. त्यांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘कबाल’ हा आधीपासून वापरात असलेला, कारस्थानी टोळक्यासाठीचा शब्द तयार होत असे. प्रत्यक्षात ते एकजुटीचे मंत्रिमंडळ नव्हते. आर्लिंग्टन यादवीतल्या जखमेची खूण म्हणून नाकावर काळी पट्टी मिरवी आणि बकिंगहॅमला तो पाण्यात पाही. बकिंगहॅमने १६६८ च्या जानेवारीत द्वंद्वात श्रूजबरीच्या अर्लला, ज्याच्या पत्नीशी त्याचे संबंध होते, अशी जखम केली की तो दोन महिन्यांनी मेला, आणि राजाने ते माफ केले. लॉडरडेलला स्कॉटलंड आंदण दिल्यासारखे होते.

राजाने या पाच जणांनाही परस्परांपासून अंधारात ठेवले. १६७० च्या मे महिन्यात त्याची लाडकी बहीण हेन्रिएटा, जी चौदाव्या लुईची भावजय होती, भेटीला डोव्हरला आली आणि तिच्या मध्यस्थीने गुप्त तह झाला. चार्ल्सने योग्य वेळी आपण कॅथलिक असल्याचे जाहीर करायचे आणि डचांविरुद्ध युद्धात उतरायचे. त्याबदल्यात लुईने त्याला मोठी रक्कम आणि लागल्यास ६,००० सैनिक द्यायचे. धर्माचे कलम फक्त क्लिफर्ड आणि आर्लिंग्टनला ठाऊक होते. उरलेल्यांसाठी ते कलम गाळून दुसरा तह तयार करण्यात आला आणि त्याच्या वाटाघाटी केल्याच्या आनंदात बकिंगहॅमने त्यावर सही केली. हेन्रिएटा परत गेल्यावर काही दिवसांतच, सव्वीस वर्षांची असताना वारली.

त्यातून १६७२ ते १६७४ चे युद्ध झाले. त्याच्या तोंडावर, जानेवारी १६७२ मध्ये, राजाने लंडनच्या सराफांचे दहा लाख पौंडांहून अधिक देणे थांबवले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. सोलबेच्या लढाईत सँडविच, ज्याने लिस्बनहून साखरेसह राणी आणली होती, जळत्या जहाजावरून समुद्रात पडून मेला. पार्लमेंटने १६७३ मध्ये कॅथलिकांना सरकारी पदांवरून दूर ठेवणारा टेस्ट ॲक्ट केला. त्यामुळे क्लिफर्डचे पद गेलेच, शिवाय जेम्सलाही आरमार सोडावे लागले आणि राजाचा भाऊ कॅथलिक असल्याचे जगजाहीर झाले.

वारसाच्या वादात राजाने कोणाला पाठीशी घातले?

राणीला मूल झाले नाही. राजाला इतर स्त्रियांपासून डझनाहून अधिक मुले होती, त्यांतला थोरला मॉनमथचा ड्यूक देखणा, प्रोटेस्टंट आणि लोकप्रिय होता, पण तो औरस नव्हता. गादी जेम्सकडे जाणार हे उघड होते. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाड माणसाने कॅथलिकांनी राजाच्या खुनाचा कट केल्याची कहाणी रचली. चार्ल्सने स्वतः त्याची उलटतपासणी घेतली. ऑस्ट्रियाचा डॉन हुआन हा स्पॅनिश सेनानी आपल्याला भेटला, असे ओट्स म्हणाला, तेव्हा तो दिसायला कसा आहे, असे राजाने विचारले. ओट्स म्हणाला, उंच. राजाने डॉन हुआनला पाहिलेले होते आणि तो बुटका होता. थाप राजाला कळली, तरी लोकांच्या उन्मादापुढे त्याने निरपराध माणसे फाशी जाऊ दिली. त्याच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत काळा डाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

ओट्सने राणीवरही विषप्रयोगाचा आळ घेतला. तेव्हा मात्र चार्ल्स अढळ राहिला. घटस्फोट घेऊन दुसरे लग्न करावे, असे सल्लागार वर्षानुवर्षे सुचवत होते. त्याने ते मानले नाही. ॲशली, जो आता शाफ्ट्सबरीचा अर्ल होता, जेम्सला वारसाहक्कातून वगळण्याच्या विधेयकासाठी झटत होता. त्याच्या बाजूच्या लोकांना ‘व्हिग’ आणि विरोधकांना ‘टोरी’ म्हणू लागले. ही दोन्ही नावे शिव्या म्हणूनच आली, एक स्कॉटलंडच्या बंडखोरांवरून आणि दुसरे आयर्लंडच्या दरोडेखोरांवरून. १६८१ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डला पार्लमेंट भरले, तेव्हा लुईशी पैशाचा तोंडी करार राजाच्या खिशात होता. आठवडाभरात त्याने राजवस्त्रे गुपचूप मागवली, ती अंगावर चढवली आणि सभा बरखास्त केली. मरेपर्यंत त्याने पुन्हा पार्लमेंट बोलावले नाही. शाफ्ट्सबरी हॉलंडला पळाला आणि १६८३ च्या आरंभी तिथेच मेला.

शिवाजी महाराजांचा या राजाच्या माणसांशी संबंध आला का?

अनेकदा आला. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडेन याने ती वखार लढवली. पुढे मुंबई कंपनीकडे आल्यावर तीही त्याच्याच अखत्यारीत आली. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा हेन्री ऑक्झिंडेन कंपनीचा वकील म्हणून हजर होता आणि नारायण शेणवी त्याचा दुभाषा होता. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर तटबंदी सुरू केली. ती थांबवायला इंग्रजांनी जहाजे पाठवली, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

त्या लढाईतला कॅप्टन रिचर्ड केग्विन पुढे एका विलक्षण घटनेचा नायक झाला. कंपनीने शिबंदीच्या पगारात काटछाट केल्यामुळे २७ डिसेंबर १६८३ रोजी त्याने कंपनीच्या अधिकाऱ्याला कैद करून मुंबई राजा चार्ल्सच्या नावाने ताब्यात घेतली. जवळजवळ वर्षभर त्याने कारभार पाहिला आणि संभाजी महाराजांशी तहही केला. राजाने मात्र कंपनीची बाजू घेतली आणि १६८४ च्या नोव्हेंबरात केग्विनने माफीच्या अटीवर बेट परत दिले. राजासाठी उठलेल्या माणसाला राजाने सोडले, कारण कंपनीकडे पैसा होता. योगायोग असा की, हुंड्यातले दुसरे रत्न, टँजियर, याच वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी खर्च झेपेना म्हणून स्वतःच सुरुंग लावून सोडून दिले.

चार्ल्सनंतर कॅथरीनचे काय झाले?

२ फेब्रुवारी १६८५ रोजी राजाला झटका आला. चार दिवस वैद्यांनी त्याचे रक्त काढले आणि अंगावर डाग दिले. कॅथरीनने शोकावेगाने येता येत नसल्याचे सांगून क्षमा मागितली, तेव्हा क्षमा आपणच तिची मागायला हवी, असे तो म्हणाला. रात्री मागच्या जिन्याने हडल्स्टन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूला आत आणले गेले. वूस्टरनंतर राजाला लपवणाऱ्यांपैकी तो एक होता आणि त्याच्या हातून राजाने अखेर कॅथलिक धर्म स्वीकारला. डोव्हरला दिलेला शब्द त्याने असा, सहा फेब्रुवारीला मरण्याच्या आदल्या रात्री, पाळला.

जेम्सची कारकीर्द जेमतेम चार वर्षे टिकली. मॉनमथने बंड केले, सेजमूरच्या लढाईत तो हरला आणि पकडला गेल्यावर जुलै १६८५ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या प्राणांसाठी रदबदली करणाऱ्यांत कॅथरीनही होती. १६९२ मध्ये ती इंग्लंड सोडून पोर्तुगालला गेली. तिथे तिचा भाऊ राजा पेद्रु आजारी पडल्यावर तिने त्याच्या वतीने कारभार हाती घेतला. इंग्लंडमध्ये तीस वर्षे जिला कोणी राजकारणात विचारले नव्हते, त्या राणीने वयाच्या पासष्टीत स्पेनविरुद्धच्या युद्धात आपल्या देशाचे राज्य चालवले आणि ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती लिस्बनमध्ये वारली.